रोड सायकलवरून रिकम्बंटकडे : बाकेट्टा जिरो २० चे परीक्षण

अनेक वर्षे रोड सायकल चालवलेल्या माणसाचे लक्ष रिकम्बंटकडे, म्हणजे मागे रेलून आणि पाय पुढे ठेवून चालवायच्या सायकलीकडे, वळते ते बहुधा शरीराच्या तक्रारीमुळे. शंभर किलोमीटरनंतर मान आखडते, करंगळ्या बधिर होतात, सॅडलवर बसणे नकोसे होते. स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड करून, हँडल वर घेऊन आणि सॅडल बदलून पाहिले तरी दुखणे फक्त जागा बदलते. माझ्या बाबतीत मान आणि मनगटे ही कारणे होती. अमेरिकेत नॉर्दर्न व्हर्जिनियात राहत असल्यामुळे रिकम्बंट प्रत्यक्ष चालवून पाहणे आणि वापरलेली सायकल विकत घेणे मला शक्य झाले, आणि बाकेट्टा या अमेरिकी कंपनीची जिरो २० ही सायकल माझ्याकडे आली. ज्यांना क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा), कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) आणि गिअरची गणिते पाठ आहेत, पण ज्यांनी रिकम्बंटवर कधी बूड टेकवलेले नाही, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते : रोड सायकलस्वाराची पहिली रिकम्बंट म्हणून जिरो २० अतिशय योग्य आहे, मात्र तिच्याकडून वेगाची अपेक्षा ठेवून ती घेऊ नये.

आधी सायकलीचे रूप. एका लांब, जवळजवळ सरळ नळीवर सगळा डोलारा उभा आहे. पुढचे चाक २० इंची, मागचे २६ इंची, आणि पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, नळीच्या टोकाला. सीट जमिनीपासून साधारण दोन फुटांवर असल्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय थांबल्यावर जमिनीला टेकतात आणि डोळे मोटारीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येतात. पेडलचा आस सीटपेक्षा थोडा वर आहे, पण शर्यतीच्या रिकम्बंटवर असतो तितका नाही. हँडल गुडघ्यांच्या वरून छातीकडे येते आणि त्याचा स्टेम पुढे ढकलता येतो, त्यामुळे चढताना व उतरताना अडचण होत नाही. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत.

असले वाहन आपल्या सायकलगटात कधीच का दिसत नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या ‘व्हेलोकार’ या रिकम्बंटवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एग यांचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. फोर हे पहिल्या फळीतले शर्यतपटू नव्हते, त्यामुळे श्रेय माणसाचे की यंत्राचे असा वाद पेटला, आणि १ एप्रिल १९३४ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली की रिकम्बंट तीत बसेना. शर्यतीतून बाहेर पडलेल्या वाहनाला मोठे कारखाने, प्रायोजक आणि गावोगावची दुकाने मिळाली नाहीत. आजही रिकम्बंट बनवणारे बहुतेक कारखाने लहान आहेत आणि नव्या सायकलीची किंमत त्यामुळेच चांगल्या रोड सायकलीच्या घरात जाते. २०१६ साली नेवाडातील बॅटल माउंटन येथे टॉड रायकर्ट यांनी ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला ही गोष्ट खरी आहे, पण ती सायकल संपूर्ण कवचात बंद होती आणि रस्ता सपाट व मोकळा होता. त्या आकड्यावरून जिरोबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही.

रोड सायकलवर आपण सॅडलची उंची मिलिमीटरमध्ये मोजतो. तीच काटेकोर वृत्ती इथे वेगळ्या मापाला लावावी लागते. भिंतीला पाठ आणि कंबर पूर्ण टेकवून जमिनीवर बसायचे, पाय सरळ पसरायचे आणि भिंतीपासून टाचेच्या तळापर्यंतचे अंतर मोजायचे. रिकम्बंटच्या फ्रेमचे माप यावरून ठरते; आपली एकूण उंची इथे फारशी उपयोगाची नाही. अनेक युरोपीय रिकम्बंटमध्ये सीट जागेवर असते आणि पेडल असलेली पुढची नळी आतबाहेर सरकवावी लागते, म्हणजे दर वेळी चेनची लांबीही कमीजास्त करावी लागते. जिरोमध्ये पेडल स्थिर आहेत आणि सीटच मुख्य नळीवर पुढेमागे सरकते. क्विक रिलीज (हातानेच उघडणारी पकड) सैल करायचे, सीट सरकवायची, पुन्हा घट्ट करायचे. चेनला हात लावावा लागत नाही. नवशिक्याला हा फार मोठा फायदा आहे, कारण पहिल्या काही आठवड्यांत योग्य जागा सापडेपर्यंत सीट अनेकदा हलवावी लागते. सीट फार जवळ असेल तर गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखते, फार लांब असेल तर कंबर सीटच्या खोबणीतून पुढे घसरते आणि मांडीची मागची शीर ओढली जाते. पेडल सर्वात लांब असताना गुडघ्यात किंचित बाक राहील इतके अंतर ठेवावे आणि मग थोडे थोडे बदलावे. पाठीचा कोनही असाच बदलता येतो. सुरुवातीला पाठ जितकी उभी ठेवता येईल तितकी ठेवावी, तोल सांभाळण्याचा आत्मविश्वास आल्यावर मागे रेलत जावे.

आता पहिल्या सुरुवातीबद्दल, कारण बहुतेक लोक इथेच घाबरून सायकल परत करतात. रोड सायकलवर तोल सांभाळण्याचे निम्मे काम आपली कंबर करत असते. आपण नकळत सॅडलवर डावीउजवीकडे सरकतो, हँडलवर भार देतो, गरज पडली तर उभे राहतो. रिकम्बंटवर पाठ आणि कंबर सीटला चिकटलेली असते, त्यामुळे तोल फक्त हँडलच्या बारीक हालचालींनी सांभाळायचा असतो, आणि तोही हलक्या हाताने. रिकाम्या पार्किंगमध्ये, शक्य असेल तर अगदी सौम्य उतार असलेल्या जागी सराव करावा. गिअर हलका पण अगदी सर्वात हलका नको, कारण मग पाय भिरभिरतो आणि सायकल पुढे जात नाही. ब्रेक दाबून ठेवावा, डावा पाय जमिनीवर असावा, उजवे पेडल वर आणून आपल्याकडे किंचित झुकलेले ठेवावे, आणि डोके व खांदे मागे टेकवावेत. मग ब्रेक सोडून उजव्या पायाने एक सलग, निश्चयी रेटा द्यायचा. त्या एका रेट्यात सायकल इतका वेग घेते की डावा पाय सावकाश उचलून पेडलवर ठेवायला वेळ मिळतो. याच क्षणी रोड सायकलस्वाराची सवय आड येते : खांदे आपोआप सीटवरून सुटतात, हात हँडल ओढू लागतात आणि पुढचे लहान चाक लगेच नागमोडी जाऊ लागते. यावर उपाय म्हणजे हँडल दोन बोटांत धरल्यासारखे धरायचे, खांदे सीटला टेकलेलेच ठेवायचे आणि नजर पंधरावीस मीटर पुढे ठेवायची. पुढच्या चाकाकडे पाहिले की तोल जातो. मला एका सकाळी सरळ जाता आले. अगदी तीव्र वळण बिनधास्त घेता यायला मात्र काही आठवडे लागले. तीव्र वळणात पुढच्या चाकाला टाच लागू शकते, कारण चाक आणि पाय एकाच जागेसाठी भांडतात. आखूड रचनेच्या, म्हणजे दोन चाकांमधले अंतर कमी असलेल्या, सगळ्याच रिकम्बंटमध्ये हे होते. अशा वळणात आतल्या बाजूचा पाय वर ठेवून पेडल मारणे थांबवावे, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

पायाला घट्ट धरणारे पेडल हवेत की साधे, यावर दोन मते आहेत. पहिले काही दिवस साधे पेडल वापरावेत असे मला वाटते, कारण पाय पटकन जमिनीवर टेकवता येण्याचा धीर महत्त्वाचा असतो. त्यानंतर मात्र क्लीट लावणेच सुरक्षित आहे. इथे पाय हवेत आडवे असतात, त्यांचे वजन पेडलवर पडत नाही, आणि खड्ड्यात आदळून पाय निसटला तर तो खाली पडून जमिनीवर घासला जातो. क्लीट रोड सायकलपेक्षा टाचेच्या दिशेने थोडे मागे लावावे. नाहीतर लांब पल्ल्यात तळवे जळजळतात आणि बोटे बधिर होतात. ही तक्रार रिकम्बंटवर फार सार्वत्रिक आहे. सैल बूट आणि मागे घेतलेले क्लीट यांनी माझी तक्रार जवळजवळ मिटली.

मी राहते तिथून वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेल जाते. १९६८ साली बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावर बांधलेला हा सुमारे ७२ किलोमीटरचा डांबरी रस्ता आर्लिंग्टनच्या बाजूने निघून व्हिएन्ना, रेस्टन, हर्नडन, ॲशबर्न आणि लीझबर्गवरून पर्सेलव्हिलपर्यंत जातो. रिकम्बंट शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पूर्वेकडच्या टप्प्यात दर थोड्या अंतरावर रस्ता ओलांडावा लागतो, म्हणजे थांबण्याचा आणि निघण्याचा भरपूर सराव होतो. पश्चिमेकडे लांब, मोकळे पट्टे आहेत. लीझबर्ग सोडल्यावर क्लार्क्स गॅपपर्यंत सलग चढ आहे. रेल्वेचा मार्ग असल्यामुळे तो तीव्र नाही, पण लांब आहे, आणि रिकम्बंटची खरी परीक्षा तिथे होते.

रोड सायकलस्वाराने सर्वात आधी स्वीकारायची गोष्ट म्हणजे चढावर उभे राहता येत नाही. शरीराचे वजन पेडलवर टाकता येत नाही, सायकल डावीउजवीकडे झुलवता येत नाही. जड गिअर दाबून चढण्याचा प्रयत्न केला तर जोर सीटच्या पाठीवर जातो आणि गुडघे दुखावतात. त्यामुळे चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवायचा, कॅडन्स ऐंशी-नव्वदच्या आसपास ठेवायचा आणि श्वास स्थिर ठेवून चढत राहायचे. ताशी सहा-सात किलोमीटरच्या खाली तोल सांभाळणे कठीण होते, म्हणून फार हळूही जाता येत नाही. शिवाय जिरो ही काही हलकी सायकल नाही. कॅरिअर आणि मडगार्ड लावल्यावर ती माझ्या रोड सायकलपेक्षा कितीतरी जड लागते. परिणामी क्लार्क्स गॅपच्या चढावर ज्या सोबत्यांबरोबर मी पूर्वी बोलत बोलत चढत असे, ते आता पुढे निघून जातात. सरावाने हे अंतर कमी होते, पण नाहीसे होत नाही. त्याचे एक कारण स्नायूंचेही आहे. नितंबांचे आणि मांडीच्या मागचे स्नायू इथे वेगळ्या कोनात काम करतात, हृदयाला आणि फुप्फुसांना दम असूनही पाय आधी थकतात. अनेक वर्षांचा सायकलस्वारही सुरुवातीला नवशिक्यासारखा दमतो आणि त्यामुळे निराश होतो. निदान एक हंगाम दोन्ही सायकली आलटून पालटून चालवाव्यात आणि तोवर रिकम्बंटबद्दल निर्णय देऊ नये, असा माझा आग्रह आहे.

सपाटीवर चित्र पालटते, विशेषतः समोरून वारा असताना. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात, त्यामुळे वाऱ्याला सामोरे जाणारे शरीर थोडे जरी लहान झाले तरी फरक जाणवतो. जिरोची बैठक बरीच उभी असल्यामुळे हा फायदा मर्यादित आहे. रोड सायकलच्या ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात) वाकलेल्या तंदुरुस्त स्वाराला ती सहज मागे टाकेल असे मी म्हणणार नाही. पण ड्रॉप्समध्ये वाकून तासन्‌तास कोणी राहत नाही, आणि रिकम्बंटवर मात्र पहिल्या किलोमीटरला जी बैठक असते तीच शेवटच्या किलोमीटरला असते. उतारावर ती सुरेख पळते. समोर पाय, मागे भक्कम पाठ आणि खाली बसलेला गुरुत्वमध्य यांमुळे जोरात ब्रेक लावला तरी हँडलवरून पुढे फेकले जाण्याची भीती वाटत नाही.

आणि आता ज्यासाठी ही सायकल घ्यायची त्याबद्दल. चार-पाच तास चालवल्यानंतर मी उतरते तेव्हा पाय दमलेले असतात, बाकी काहीही दुखत नाही. मनगटांवर भार नाही, मान वर करून पाहावे लागत नाही, जांघेत बधिरपणा नाही. सीटचा खालचा भाग फोमचा आणि पाठीचा भाग जाळीचा असल्यामुळे व्हर्जिनियाच्या दमट उन्हाळ्यातही पाठीला वारा लागतो. नजर आपोआप समोर आणि वर असते. रोड सायकलवर मी याच ट्रेलवरून वर्षानुवर्षे गेले होते, पण तेव्हा डोळ्यांसमोर प्रामुख्याने डांबर आणि पुढच्याचे मागचे चाक असे. आता लाउडन परगण्यातली शेते, कुंपणे आणि पश्चिमेकडची ब्लू रिजची निळसर रेघ सलग दिसत राहते. दुखण्यामुळे सायकल सोडून देण्याच्या बेतात असलेल्या कुणाहीसाठी ही गोष्ट वेग आणि वजनाच्या सगळ्या हिशेबांपेक्षा मोठी आहे.

गटाबरोबर चालवताना काही पथ्ये पाळावी लागतात. मागे वळून पाहता येत नाही, म्हणून आरसा अनिवार्य आहे. मी दोन्ही बाजूंना लावले आहेत. आपल्या चेनरिंगची (पेडलजवळच्या दातेरी चक्राची) कड सर्वात पुढे असते, त्यामुळे दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालणे धोक्याचे आहे. आपल्या मागे येणाऱ्यालाही वाऱ्यापासून आडोसा फारसा मिळत नाही. चढावर आपण मागे पडतो आणि उतारावर पुढे निघतो, त्यामुळे गटाची लय बिघडते. पेसलाइन, म्हणजे एकामागे एक चिकटून जाणारी रांग, हेच ज्यांना सायकलिंगचे सुख वाटते त्यांनी रोड सायकल विकू नये. ब्रेव्हेसारख्या लांब पल्ल्याच्या, वेळेच्या मर्यादेत पण शर्यतीविना होणाऱ्या प्रकारात मात्र रिकम्बंटला मुक्त प्रवेश आहे, आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये १२०० किलोमीटर रिकम्बंटवर पूर्ण करणारे स्वार असतात.

देखभालीत घाबरण्यासारखे काही नाही. चेन साध्या सायकलच्या अडीच-तीन चेन जोडून होते इतकी लांब असते आणि सीटखालच्या दातेरी कप्पीवरून जाते. त्यामुळे थोडा घरघर आवाज येतो, पण झीज इतक्या लांबीवर विभागली जात असल्यामुळे ती पुष्कळ टिकते. डेरेलर (गिअर बदलणारा भाग), शिफ्टर, कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रे), ब्रेक पॅड हे सगळे नेहमीच्या सायकल दुकानात मिळणारे भाग आहेत. पुढचे टायर ४०६ मापाचे आणि मागचे ५५९ मापाचे; दोन्ही सहज मिळतात, मात्र प्रवासाला निघताना दोन मापांच्या ट्यूब बरोबर घ्याव्या लागतात. मोटारीच्या मागे लावायच्या साध्या रॅकवर ही सायकल नीट बसत नाही, याचा विचार घेण्याआधी करावा.

रोड सायकलस्वाराला याच कंपनीची कोर्सा जास्त मोहात पाडते. दोन्ही मोठी चाके, हलकी फ्रेम, अधिक रेललेली बैठक. सपाटीवर ती खरोखरच वेगवान आहे. पण तिच्यावर पाय जमिनीला जेमतेम टेकतात, आणि सिग्नलवर थांबण्याचा सराव नसलेल्याला ते जड जाते. क्रूझबाइकचा मार्ग वेगळा : तिथे पेडल, चेन आणि चेनने फिरणारे चाक हे सगळे पुढेच असते, चेन नेहमीच्या लांबीची राहते, हँडल रोड सायकलसारखे असते आणि चढावर हातांचाही जोर लावता येतो. २०१३ साली मारिया पार्कर यांनी अशाच सायकलवर रेस अक्रॉस अमेरिकेची महिलांची एकेरी शर्यत जिंकली. मात्र प्रत्येक पेडलबरोबर हँडल ओढले जात असल्यामुळे ती शिकायला बराच जास्त काळ आणि चिकाटी लागते. ज्यांना तोलाचीच काळजी आहे त्यांनी तीनचाकी रिकम्बंट पाहावी. ती शिकावी लागत नाही, आणि चढावर हव्या तितक्या हळू चालवता येते.

महाराष्ट्रातले मित्र विचारतात की ही सायकल पुण्यात किंवा नाशिकला चालवता येईल का. चालवता येईल, पण मी शहराच्या मध्यात सुचवणार नाही. गतिरोधक आणि खड्डे आले की रोड सायकलवर आपण सॅडलवरून उठून पायांवर झटका झेलतो. इथे तो सरळ पाठीच्या कण्याला बसतो, कारण जिरोला सस्पेन्शन नाही. टायर रुंद आणि थोडे कमी हवेचे ठेवावेत आणि प्रत्येक गतिरोधकाआधी वेग खरोखरच कमी करावा. बस आणि टेम्पोच्या गर्दीत आपण दिसावे म्हणून मागे उंच काठीवर झेंडा आणि दिवसाही लागणारा लाल दिवा हवा. खंबाटकीसारखा घाट हलक्या गिअरवर सावकाश चढता येतो, पण त्यासाठी पुढचे सर्वात लहान चेनरिंग आणि मागची मोठी कॅसेट आधीच बसवून घ्यावी. भारतात अशा सायकली क्वचितच विकायला येतात, आणि परदेशातून आणायची तर मालवाहतूक आणि सीमाशुल्क मिळून खर्च बराच वाढतो. म्हणून परदेशी मुक्कामात मिळेल तिथे एकदा तासभर चालवून पाहावी आणि मगच मागवण्याचा विचार करावा.

वापरलेली घेताना मी पुढील गोष्टी हाताने तपासते. चेन थोडी उचलून सीटखालच्या कप्पीचे दात बघावेत. ते माशाच्या पंखासारखे एका बाजूला झुकले असतील तर कप्पी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. सीटच्या क्लॅम्पखालची नळी बोटाने चाचपावी, तिथे खोल ओरखडे किंवा चीर असेल तर ती सायकल सोडून द्यावी. सीटची जाळी सैल पडली असेल तर ती ताणून बांधता येते, पण शिवण उसवलेली असेल तर नवीच लागते. शेवटी आपल्या टाचेच्या मापावर सीट सरकवून पाहावी. ती नळीच्या अगदी टोकाला जाऊन थांबत असेल तर फ्रेम आपल्या मापाची नाही, आणि कितीही स्वस्त मिळत असली तरी ती घेऊ नये.